बचावाचं हेलिकॉप्टर: सरकारचं बरं की कंपनीचं?

भटकभवानी (ठाणे)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारते आहे. मागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो का पडला हे कळायचं नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी आणि नवरा एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला गेलो होतो. बारा जणांचा ग्रुप, निम्मे ठाणे-डोंबिवलीचे, निम्मे पुण्याचे. सॅकमध्ये भाकरवडी, मेतकूट, सगळा जामानिमा. लोबुचेला (४,९४० मीटर) पोचलो त्या संध्याकाळी नवऱ्याचं डोकं ठणकायला लागलं. जेवण गेलं नाही, दोनदा उलटी झाली. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ७४ दिसत होता. गाइड आला, आकडा बघितला आणि पहिलं वाक्य काय, तर "इन्शुरन्स आहे ना? मग उद्या सकाळी हेलिकॉप्टर." चालत खाली उतरायचा विषय त्याने काढलाच नाही. मी काढला तर म्हणाला, "रिस्क आहे मॅडम." नवरा कोपऱ्यात बादली धरून बसलेला असताना कुणी रिस्क हा शब्द उच्चारला की कोण हुज्जत घालतं? मी सही केली.

सकाळी सातला हेलिकॉप्टर आलं. त्यात आधीच दोघे बसले होते, एक कोरियन मुलगा आणि दिल्लीचे एक गृहस्थ. गृहस्थांना काय झालंय विचारलं तर म्हणे गुडघा धरलाय. लुक्लाला उतरलो तोवर आमच्या नवरोबांनी डोळे उघडून चहा मागितला होता. तरी काठमांडूला रुग्णवाहिका हजर, ती थेट एका ठरलेल्या रुग्णालयात, आणि तिथे तीन दिवस मुक्काम. हेलिकॉप्टरचं बिल साडेचार हजार डॉलर, रुग्णालयाचं वेगळं. पुढे दिल्लीच्या गृहस्थांशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं झालं, तेव्हा कळलं की त्यांच्या नावावरही अख्ख्या हेलिकॉप्टरचं बिल लागलंय. कोरियन मुलाचं माहीत नाही, पण त्याला काय सवलत दिली असेल असं वाटत नाही. विमा कंपनीने चार महिने पत्रापत्री करून निम्मेच पैसे दिले.

हे सगळं घरी सांगितलं तर दीर म्हणाले, "म्हणून असली कामं सरकारनेच करावीत." त्यावर माझा मुलुंडचा भाऊ, "सरकारी हेलिकॉप्टरची वाट बघितली असतीस तर एव्हाना बारावं उरकलं असतं. ब्रिटननेसुद्धा हे काम हवाई दलाकडून काढून कंपनीला दिलंय." हे खरं आहे का? असेल तर तिकडे बिल कोण भरतं? इथे कुणी त्या कामात असेल तर सांगा. राजकारण नको, प्लीज.

दर्यावर्दी_निवृत्त (वेंगुर्ला)

ताई, मी नौदलात हेलिकॉप्टरवर एअरक्रू होतो. कुलाब्याला आणि गोव्याला मिळून बरीच वर्षं. विंचवरून, म्हणजे दोर सोडायच्या-गुंडाळायच्या यंत्रावरून, माणूस खाली सोडणं आणि दोन माणसं वर घेणं, हा धंदा. चेतक आणि सी किंग, दोन्हींवर केलं.

तुमच्या दिरांचं बरोबर आहे आणि भावाचंही. देवगडच्या बाहेर पावसाळ्याच्या तोंडावर एक ट्रॉलर उलटला होता. आम्ही चौघांना वर घेतलं. त्यातला एक जण वर आल्यावर पहिलं काय विचारतो, "साहेब, किती होतील?" त्याला वाटलं भाडं द्यायचंय. मी त्याच्या डोक्यावर टपली मारली. आमच्याकडे कुणाला बिल गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण फोन आमच्यापर्यंत यायचा तो चौथ्या-पाचव्या हातातून. समुद्रावर तसं बरं आहे, तिथे तटरक्षक दल मुखत्यार आहे, मुंबईला त्यांचं समन्वय केंद्र आहे, १५५४ हा नंबर आहे. जमिनीवर कुणी अडकला की गावातून तहसीलदार, मग जिल्हाधिकारी, मग मंत्रालय, तिथून सैन्यदलाचं मुख्यालय. प्रत्येक जण आपापल्या परीने धावतोच, पण घड्याळ थांबत नाही. दुसरं असं की आमचं पहिलं काम युद्धाचं. मशीन दुसऱ्या कामावर गेलेलं असेल, तर तुमच्यासाठी येणारं मशीन कमी.

लोक एक गोष्ट विसरतात. सर्च अँड रेस्क्यूमधला सर्च जास्त खातो. उचलायला वीस मिनिटं, शोधायला दोन दिवस. तासावर पैसे घेणारा असेल तर तो शोधतच राहील, आणि ठोक पैसे घेणारा असेल तर लवकर हात वर करील. म्हणून आता थांबा हे सांगणारा माणूस पैशाशी संबंध नसलेला पाहिजे. आमच्यात तो शब्द वरून यायचा. आम्हाला तो कधीच आवडला नाही, पण तो वरूनच आला पाहिजे.

२०२१ च्या तौक्ते वादळात बॉम्बे हायजवळ पापा-३०५ तराफा बुडाला तेव्हा मी निवृत्त होऊन घरी टीव्हीसमोर बसलो होतो. त्याच्यावर २६१ माणसं. नौदलाने १८६ जिवंत काढली. रात्रभर त्या लाटांत काम केलं ते कोची, कोलकाता या जहाजांनी. तसल्या वाऱ्यात हेलिकॉप्टर कुणाचंही असो, लाटेतला माणूस दिसायला आधी उजाडावं लागतं. कंपनीवाले गेले असते का, हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला होता. उत्तर मिळालं नाही. पायलट गेला असता, पायलट कुठलाही असो, जातोच. त्याच्या विमा कंपनीने जाऊ दिलं असतं का, ते वेगळं.

आणि सरकारी म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पोरबंदरजवळ टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला रात्री गेलेलं तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर समुद्रात पडलं. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरलाच दुसरं पडलं, तिघे गेले, आणि देशभरातली सगळी ध्रुव महिनोन्महिने जमिनीवर बसली. तिन्ही दलं आणि तटरक्षक एकाच मशीनवर अवलंबून ठेवली की असं होतं.

अवांतर: पवनहंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी विकायला काढली होती ते २०२३ मध्ये फिसकटलं. विकली गेली असती तरी तुमच्या ट्रेकला काही फरक पडला नसता.

वेल्सवासी (बँगोर, उत्तर वेल्स)

भटकभवानीताई, तुमच्या भावाने सांगितलेलं खरं आहे आणि ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, म्हणून हा लांबलचक प्रतिसाद. मूळ सातारचा. २०११ पासून इथल्या रुग्णालयात इमर्जन्सीत आहे, घरी अजून कॅज्युअल्टीच म्हणतो. पार्किंगमधून स्नोडोनियाचे डोंगर दिसतात. स्नोडन १,०८५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या खांद्याला लागेल इतका. पण त्याच्या शेजारी क्रिब गॉख नावाची एक धार आहे, सुरीच्या पात्यासारखी, दोन्हीकडे दरी. ऑगस्टातल्या शनिवारी तिथून निदान एक पाहुणा आमच्याकडे येतोच.

मी आलो तेव्हा त्यांना घेऊन यायचं ते हवाई दलाचं पिवळं सी किंग, अँगलसी बेटावरच्या व्हॅली तळावरून. ते दिसायच्या आधी ऐकू यायचं. कपातला चहा थरथरायला लागला की नर्स म्हणायच्या, आले. राजपुत्र विल्यम २०१० ते २०१३ तिथेच सी किंग उडवत होता. तो आमच्या हेलिपॅडवर येऊन गेला आणि आपल्याशी बोलला असं सांगणाऱ्या निदान चाळीस नर्स मला माहीत आहेत. मी एकदाही पाहिला नाही.

सी किंग हवाई दलात १९७८ ला आलं होतं. दुरुस्तीच्या पलीकडे गेलं होतं आणि संरक्षण खात्याला हे काम गळ्यातून काढायचंच होतं. आधी एका कंपनी-समूहाला पंचवीस वर्षांसाठी देणार होते, पण बोलीच्या वेळी एका कंपनीच्या हाती गोपनीय माहिती लागली असं उघड झालं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ते सगळं रद्द झालं. (आपल्याकडेच टेंडरचे घोळ होतात असं समजणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं.) मग मार्च २०१३ मध्ये वाहतूक खात्याने ब्रिस्टो कंपनीला दहा वर्षांचं, १६० कोटी पौंडांचं कंत्राट दिलं. दहा तळ, बावीस हेलिकॉप्टरं. १ एप्रिल २०१५ पासून टप्प्याटप्प्याने तळ बदलले. आमच्याकडचा १ जुलैला व्हॅलीहून कार्नारव्हनला आला.

त्या आठवड्यात इथे सुतक होतं. आमचा एक पोर्टर, वडील खाणीत, आजोबा खाणीत, तो म्हणाला, "आता डोंगरावर पडलं की आधी क्रेडिट कार्ड विचारतील." मलाही तसंच वाटत होतं. कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत ह्यूस्टनला. मला आपल्याकडची खाजगी रुग्णालयं आठवली, डिपॉझिट भरल्याशिवाय लिफ्टचं बटण न दाबणारी.

मग पहिली केस आली. पाय मोडलेला कॉलेजचा मुलगा. हेलिकॉप्टर लाल-पांढरं, सिकोर्स्की एस-९२, दारावर कोस्टगार्ड लिहिलेलं. कंपनीचं नाव शोधावं लागत होतं. आणि स्ट्रेचरमागून उतरलेला विंचमन? तोच, मागच्या महिन्यात हवाई दलाच्या सूटमध्ये आलेला. फक्त सूट बदललेला. मी तोंड वासून बघत राहिलो तर म्हणाला, "तोच डोंगर आहे, डॉक्टर." पुढे कळलं, क्रूपैकी पुष्कळ जण हवाई दल आणि नौदल सोडून कंपनीत गेले होते.

आता तुमचा खरा प्रश्न, बिलाचा. इतक्या वर्षांत एकाही रुग्णाच्या हातात हेलिकॉप्टरचं बिल मी पाहिलेलं नाही, कारण ते निघतच नाही. कुणी डोंगरावर पडलं की ९९९ ला फोन, तो पोलिसांकडे. पोलीस माउंटन रेस्क्यू टीमला सांगतात, ते सगळे स्वयंसेवक. हेलिकॉप्टर लागलंच तर मागणी कोस्टगार्डच्या केंद्राकडे जाते आणि कुठलं मशीन उडेल ते सरकारी माणूस ठरवतो. कंपनीला पैशांचा मोठा भाग मिळतो तो तयार राहण्याचा. चौघांचा क्रू, दोन पायलट, एक विंच चालवणारा, एक दोरावरून उतरणारा. दिवसा १५ मिनिटांत आणि रात्री ४५ मिनिटांत जमीन सोडायची. महिनाभर कुणी पडलं नाही तरी ते पैसे मिळतात. म्हणजे गुडघा धरलेल्या दिल्लीकरांना उचलण्यात कंपनीला काडीचा रस नाही. उलट त्रासच.

तुमच्या लोबुचेच्या हेलिकॉप्टरला पैसे मिळतात ते उडण्याचे, आणि तेही तुमच्या पॉलिसीतून. आगीमागे पैसे मिळणारा बंब गावात असेल तर मी माझी कडब्याची गंजी झाकून ठेवीन. नेपाळच्या सरकारने २०१८ मध्ये याची चौकशी केली. हेलिकॉप्टर कंपन्या, ट्रेकिंग कंपन्या आणि रुग्णालयं अशी साखळी निघाली. एका फेरीत अनेकांना बसवून प्रत्येकाच्या विम्यावर पूर्ण भाडं लावायचं, हा त्यातलाच प्रकार. परदेशी विमा कंपन्यांनी नेपाळला विमाच देणार नाही अशी धमकी दिली होती. त्यामुळे तुमच्या दिल्लीकरांची कहाणी वाचून मला काही नवल वाटलं नाही.

मात्र सगळं गोड लागलं असं समजू नका. नुसते दिवसपाळीचे दिवस आठवले तरी तक्रारी सुचतात. तळ कमी झाले. नॉर्थंबरलंडमधला बोल्मर आणि डेव्हनमधला चिव्हनॉर बंद झाले तेव्हा तिथले लोक चिडले होते. नवीन मशीन वेगवान आहे म्हणून अंतर भरून निघतं असा सरकारचा हिशोब. सरासरीला तो बरोबर असेल, पण बोल्मरच्या कोळ्याला सरासरीशी काय देणंघेणं? एडब्ल्यू-१८९ ही ठरलेली हेलिकॉप्टरं उशिरा आली, काही ठिकाणी दुसऱ्या मशीनवर वेळ मारून न्यावी लागली. आणि एस-९२ च्या पात्यांचा वारा. बाप रे! आमच्याकडे ते उतरताना सुरक्षारक्षक माणसांना आत रेटतात. मार्च २०२२ मध्ये प्लिमथच्या रुग्णालयात ते उतरत असताना कार पार्कमधून चाललेल्या एका वृद्ध बाई त्या वाऱ्याने पडल्या आणि गेल्या. इतकं जड मशीन शहरातल्या जुन्या हेलिपॅडवर उतरवायचं, तर आजूबाजूच्या माणसांचा विचार कुणी करायचा? कंपनीने की रुग्णालयाने? तिथे दोघांच्या मधली जागा मोकळी राहिली.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तो विंचमन तयार झाला हवाई दलात, करदात्याच्या पैशाने. कंपनीला तो तयार मिळाला. आता हवाई दल इथे हे काम करत नाही, मग पुढचा विंचमन कुठून येणार? कंपनी स्वतः तयार करते आहे, नवीन पोरंपोरी दिसतात, चांगली आहेत. पण पहिली दहा वर्षं आजीच्या लोणच्यावर निघाली, हे मान्य करायला हवं. दुसरं म्हणजे २०२२ मध्ये नवीन कंत्राट निघालं, पुन्हा १६० कोटी पौंडांचं, आणि पुन्हा त्याच कंपनीला. हवाई दलाचे तळ, हँगर, माणसं मोडून झाल्यावर सरकारने उद्या म्हटलं की आम्हीच करतो, तर काय घेऊन करणार?

जाता जाता, इथे तिसराही प्रकार आहे. वेल्सची एअर अँब्युलन्स लोकवर्गणीवर चालते. आमच्या वॉर्डातल्या बायका तिच्यासाठी केक विकतात, मी घेतो, फार गोड असतात. तिला विंच नाही, म्हणजे सपाट जागा मिळाली तरच उपयोग. स्वित्झर्लंडमध्ये तर १९५२ पासून रेगा ही ना-नफा संस्था पस्तीस लाखांहून जास्त वर्गणीदारांच्या जिवावर डोंगरातली माणसं उचलते. सरकारी की खाजगी या दोनच खणांत तिला कुठे बसवणार?

आणि ताई, आता डॉक्टर म्हणून. लोबुचेला ७४ हा आकडा दिसला म्हणून घाबरायचं नसतं, तिथे पुष्कळांचा तेवढाच असतो. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता येतंय का, बोलण्यात बरळ आहे का, बसल्या जागी दम लागतोय का, हे बघायचं. यातलं काहीही असेल तर त्याच क्षणी खाली, रात्र असली तरी. नुसतं डोकं दुखतंय आणि उलटी होतेय, तरी खालीच, पण पायांनी. हवं तर याक-घोड्यावरून. नवरोबा लुक्लाला बरे झाले यात हेलिकॉप्टरचं कौतुक नाही. दोन हजार मीटर खाली आले म्हणून बरे झाले.

पोलादपूरकर

सगळं वाचलं. तुम्ही सगळे हेलिकॉप्टर येतं असं धरून बोलताय.

२०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली. एकच जण वर चढून आला. बाकीच्यांना दोर लावून काढलं ते महाबळेश्वर आणि पोलादपूरच्या ट्रेकर पोरांनी. त्या धुक्यात, त्या झाडीत हेलिकॉप्टर काय करणार होतं? २०२१ च्या जुलैत तळिये गाडलं गेलं. महाडचे रस्ते पाण्याखाली, आभाळ खाली आलेलं. बाहेरची मदत दुसऱ्या दिवशी पोचली, तोवर गावकरी हातांनी माती उपसत होते. २०२३ ला इर्शाळवाडीत मुंबईला हेलिकॉप्टरं तयार ठेवली होती. उडता आलं नाही. सगळे चालत चढले, फायर ब्रिगेडवाले, एनडीआरएफ, आमच्यासारखे. आमची दुर्घटना येते ती पावसाळ्यात आणि पावसाळ्यात सह्याद्रीवर ढग बसलेला असतो. त्याला सरकारी आणि खाजगी कळत नाही.

माझ्याकडे स्वतःच्या पैशाने घेतलेले दोन दोर आहेत, एक मित्राचा. स्ट्रेचर एका डॉक्टरांनी दिलं. कॉलला गेलो की त्या दिवसाचा रोज बुडतो. एका हेलिकॉप्टरच्या तासाच्या पैशात आमच्यासारख्या किती टीमना दोर, हेल्मेट आणि विमा देता येईल याचा हिशोब कुणी तरी करा. वेल्सवासी, तुमच्या तिकडच्या स्वयंसेवकांना काय मिळतं?

वेल्सवासी

पगार शून्य. कामावरून मध्येच निघून जातात, बहुतेक मालक चालवून घेतात. सामान, गाड्या बऱ्याचशा वर्गणीतून. पण पोलीस बोलावतात तेव्हा ते अधिकृत असतात, आणि डोंगरावर शब्द त्यांचा चालतो. हेलिकॉप्टरने कुठे उतरायचं, कुणाला आधी न्यायचं, ढग असेल तर आपणच खाली आणू का, हे टीम लीडर आणि क्रू मिळून ठरवतात. तुमचं म्हणणं अगदी मान्य. इथेही ढगात हेलिकॉप्टर खालीच राहतं, आणि आठ जण आळीपाळीने स्ट्रेचर खांद्यावर घेऊन रात्री अकराला माझ्या दारात येतात. चिखलात बरबटलेले. त्यांना बिस्किटं देण्यावरून आमच्या मेट्रनशी माझं भांडण झालेलं आहे.

डब्लिनकर

आयर्लंडचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून लिहितो. मी आयटीवाला, विमानांतलं शिकलेलो नाही, पण हे प्रकरण मी पहिल्या दिवसापासून वाचत आलोय.

इथे आधी हवाई दल हे काम करायचं. १९९९ च्या जुलैत वॉटरफर्ड तळावर चोवीस तासांची सेवा सुरू झाली आणि पहिल्याच रात्री, कामगिरीवरून परतताना, धुक्यात हेलिकॉप्टर ट्रामोरच्या वाळूच्या टेकड्यांवर आदळलं. चौघेही गेले. पहिल्याच रात्री! पुढे सगळं कंपनीकडे गेलं. मग १४ मार्च २०१७. मध्यरात्रीनंतर कंपनीचं रेस्क्यू ११६ नावाचं हेलिकॉप्टर निघालं, पुन्हा चौघांचा क्रू. दूर समुद्रात एका जखमी मच्छीमाराला आणायला दुसरं हेलिकॉप्टर गेलं होतं, याने त्याच्या पाठीशी राहायचं, आधी ब्लॅकसॉडला इंधन भरायचं. कंपनीच्या स्वतःच्या मार्गपत्रिकेतला पहिला टप्पा होता ब्लॅकरॉक बेटावर. बेटाची उंची २८२ फूट. हेलिकॉप्टर २०० फुटांवरून जात होतं. आणि समोर जमीन आली की ओरडणाऱ्या यंत्राच्या नकाशात ते बेटच नव्हतं.

चौकशी अहवाल यायला २०२१ उजाडलं. माझ्या मनात राहिलेला मुद्दा असा की काम सरकारने बाहेर दिलं, पण कंपनी काय करते आहे हे समजून घेणारी, विमानातलं कळणारी माणसं सरकारजवळ पुरेशी नव्हती. ज्याच्या घरी पाच पिढ्या स्वयंपाक झाला नाही, तो केटररचं मीठ कसं तपासणार? २०२३ मध्ये नवीन कंत्राट ब्रिस्टोला गेलं, ६७ कोटी युरो. माणसं नेमली असतील अशी आशा करू.

दर्यावर्दी काका, हवाई दलाकडे होतं तेव्हाही चौघे गेले आणि कंपनीकडे असतानाही चौघे गेले. मला यातून कुणाची बाजू घ्यावी ते कळत नाही.

दर्यावर्दी_निवृत्त (वेंगुर्ला)

बाजू घेऊ नका. पहिल्याच रात्री नवीन तळावरून उडवलं, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्यात नवीन ठिकाणी आधी दिवसा जाऊन प्रत्येक टेकडी, प्रत्येक विजेची तार डोळ्याखालून घालायची पद्धत होती. कागदावर नाही, डोळ्याखालून. कंत्राटात हे एक कलम घाला म्हणावं, आणि सरकारी आदेशातही घाला.

पोलादपूरकर, दोर कुठल्या जाडीचे लागतात ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. पेन्शन येते.

भटकभवानी (ठाणे)

सगळ्यांचे आभार. दीर आणि भाऊ दोघांनाही हा धागा पाठवला. दोघेही म्हणतायत, बघ, मी सांगत होतो.

वेल्सवासींचं "एका फेरीत अनेकांना बसवून" वाचून मी फोन उघडला. लोबुचेला हेलिकॉप्टर आलं तेव्हा मी एक फोटो काढला होता, नवऱ्याला चिडवायला. त्यात शेपटीवरचा नोंदणी क्रमांक दिसतोय, आणि दारात बसलेले दिल्लीचे गृहस्थ, गुडघ्यावर गुडघा टाकून! त्यांची परवानगी घेतली आहे. फोटो आणि दोन्ही बिलं आज दोघांच्याही विमा कंपन्यांना मेल करते आहे. काय होतं ते कळवीन.

एक शेवटचा प्रश्न, डॉक्टरांना. नवरोबांना परत जायचंय. येत्या ऑक्टोबरात. नेऊ का?

वेल्सवासी

न्या. लोबुचेच्या अलीकडे डिंगबोचेला किंवा फेरीचेला दोन रात्री काढा, ग्रुप पुढे गेला तर जाऊ दे. फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं छोटं केंद्र आहे, १९७३ पासून. हंगामात तिथले डॉक्टर रोज दुपारी तीनला उंचीच्या आजारावर बोलतात. नवरोबांना पहिल्या रांगेत बसवा, गाइडला त्यांच्या शेजारी.